होल आरपार जाताना

मुंबईत साकीनाक्याला खैरानी रोडवर कुठल्याही गाळ्यात डोकावलात ना, लेथ असेल नसेल, वेल्डिंग असेल नसेल, पण कोपऱ्यात एक पिलर ड्रिल, म्हणजे खांबावर बसवलेलं होल मारायचं मशीन, असतंच. कोणीतरी येतं, "जरा दोन होल मारून दे रे" म्हणतं, पोरगं उठतं आणि पटकन मारून देतं. घोळ ह्या 'पटकन'मध्येच आहे, कारण पॉवर प्रेसला सगळे टरकून असतात, ड्रिलला कोणी घाबरतच नाही.

आता गाळ्यातल्या जुन्या कारागीर काकांचे हात बघा. एमएसची (माइल्ड स्टील, साधं लोखंड) पट्टी आहे, 10 एमएमचं होल मारायचंय. आधी सेंटर पंचने होलच्या जागी खूण, मग पट्टी व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, व्हाइस टेबलाला बोल्टने घट्ट. खाली लाकडाचा तुकडा ठेवलाय, कारण नाहीतर ड्रिल सरळ टेबलात घुसतं. (बऱ्याच गाळ्यांत टेबलाची चाळण झालेली असते, ती ह्याच आळसाने.) आणि लक्ष दिलंत का, हातात ग्लोव्ह्ज नाहीयेत. नवीन माणसाला वाटतं सेफ्टी म्हणजे ग्लोव्ह्ज, पण फिरत्या चकजवळ (चक म्हणजे ड्रिल धरणारा जबडा) ग्लोव्ह्ज म्हणजे उलटा धोका, एक धागा अडकला की कापड गुंडाळत जातं आणि त्याच्या मागोमाग बोटं जातात. लांब बाही, गळ्यातली चेन, हातातला गंडा, मोकळे केस, सगळ्याचं तेच. 1948 च्या कारखाना कायद्यातसुद्धा चालू मशीनची तपासणी करणाऱ्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालायचे असं लिहिलं होतं, ते उगाच नाही. गॉगल मात्र पाहिजेच, त्यावर चर्चा नको.

ड्रिल खाली जातंय, चिप गोल गोल वर येतेय, सगळं मस्त चाललंय. आणि आता, शेवटचे एक-दोन एमएम. इथेच खरी गंमत आहे. ड्रिलचं टोक खालून बाहेर पडतं तेव्हा समोरचा विरोध एकदम कमी होतो, हँडलवरचा दाब तेवढाच असतो, त्यामुळे ड्रिल दणकन खाली जातं आणि त्याच्या कडा होलच्या उरलेल्या पातळ काठात रुततात. आता ड्रिल कापत नाही, जॉबलाच, म्हणजे होल मारायच्या तुकड्यालाच, धरून फिरवतं. पट्टी नुसती हाताने धरलेली असेल तर ती पंख्याच्या पात्यासारखी गरगरते, आणि समोर तुम्ही उभे. पातळ पत्र्याला तर हे जास्तच, तो ड्रिलवरून वर चढतो आणि कडेने हात कापतो. म्हणून काका पोराला ओरडतायत, "अरे सैल सोड, सैल सोड हँडल!" म्हणजे फीड हलका कर, होल आपोआप पडू दे.

अजून एक गोष्ट कोणी सहसा सांगत नाही. ड्रिल वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं, म्हणून जॉब लांब असेल आणि व्हाइसमध्ये मावत नसेल तर क्लॅम्प लावायचाच, शिवाय त्याचा लांब भाग आपल्या डावीकडे, पिलरला टेकवून ठेवायचा, म्हणजे क्लॅम्प सुटला तरी तो पिलरवर अडकेल, आपल्या पोटावर येणार नाही. आणि जॉब सुटून फिरायला लागला तर पकडायला जायचं नाही, मागे व्हायचं आणि मशीन बंद करायचं. लाल बटन हाताच्या टप्प्यात असायला पाहिजे, त्याच्यापुढे जॉबचा ढीग नको.

स्पीडचं सांगायचं तर साधं एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिल आणि एमएस असेल तर 10 एमएमला मिनिटाला साधारण 800 ते 950 फेरे, 20 एमएमला त्याच्या निम्मे. ड्रिल मोठं तर स्पीड कमी. स्टेनलेसला अजून कमी, कूलंट सोडत राहायचं, आणि ड्रिल नुसतं घासत बसू द्यायचं नाही, तिथला धातू कडक होतो आणि मग ड्रिलची धारच जाते. चिप हाताने ओढायची नाही, फुंकर तर अजिबात नाही, मशीन थांबवून ब्रशने. चकची चावी घट्ट करून झाली की लगेच काढायची, ती तशीच राहिली आणि बटन दबलं तर चावी गोळीसारखी सुटते.

खंडेनवमीला मशीन पुसून, झेंडूचा हार घालून, हळदकुंकू लावून पूजा करतात, छानच आहे, पण पावसाळ्यात तिच्याकडे कोणी बघत नाही. मुंबईच्या दमट हवेत पिलरवर गंज धरतो आणि टेबल वरखाली करताना अडकतं, त्यामुळे रोज काम संपल्यावर पुसून तेलाचा हलका हात मारलेला बरा. टेपर शँकचं, म्हणजे निमुळत्या दांड्याचं, ड्रिल असेल तर बसवण्याआधी स्लीव्ह (त्या दांड्यावर चढवायची नळी) आणि स्पिंडलचं (ड्रिल ज्यात बसतं त्या फिरत्या भागाचं) तोंड फडक्याने पुसा, आत एक बारीक चिप राहिली तरी ड्रिल डोलतं आणि होल मोठं पडतं. बेल्टला चिरा पडल्यात का बघा, सैल बेल्ट घसरतो, जास्त ताणलात तर बेअरिंग खातो. स्पीड बदलायला बेल्ट सरकवायचा तर आधी मेन स्विच बंद, आणि नंतर वरचं कव्हर परत लावा, बहुतेक ठिकाणी ते भिंतीला टेकून धूळ खात पडलेलं असतं.

आणि हो, थ्री फेजचं मशीन असेल आणि वायरमन येऊन लाइनचं काम करून गेला असेल तर ड्रिल न लावता आधी रिकामं चालवून बघा, फेज अदलाबदल झाले की मोटर उलटी फिरते, ड्रिल कापत नाही, नुसतं तापतं, आणि पोरगं अजून जोर लावत बसतं.