आधी ग्लुकोज, मग लॅक्टोज

[दृश्य: काचेचा चंबू. आतला द्रव हळूहळू गढूळ होतो आहे.]

या चंबूत ई. कोलाय जीवाणू आहेत, आपल्या आतड्यात राहतात तेच. खाद्य म्हणून दोन साखरा घातल्यात: ग्लुकोज आणि लॅक्टोज. जीवाणू भराभर वाढतात. मग मध्येच वाढ खुंटते. काही वेळाने पुन्हा जोमाने सुरू होते.

फ्रेंच जीवशास्त्रज्ञ जाक मोनो यांनी पॅरिसमध्ये, जर्मन ताब्याच्या काळात, अशा दोन टप्प्यांच्या वाढीचे आलेख काढले. १९४१ च्या त्यांच्या प्रबंधात ते आहेत. ग्लुकोज संपेपर्यंत जीवाणू लॅक्टोजला जवळजवळ शिवतच नाहीत. मधला खंड पडतो तो नव्या साखरेची तयारी करण्यासाठी.

तयारी कसली? लॅक्टोज ही जोडसाखर. तिचे दोन तुकडे करायला बीटा-गॅलॅक्टोसिडेज नावाचे विकर (एन्झाइम) लागते. लॅक्टोज नसताना पेशीत त्याचे मोजकेच रेणू सापडतात. लॅक्टोज आले की हजारो. पण हे विकर बनवणाऱ्या जनुकाला लॅक्टोज आल्याचे कळवते कोण?

[दृश्य: पाश्चर इन्स्टिट्यूट, पॅरिस.]

१९५७-५८ मध्ये आर्थर पार्डी, फ्रान्स्वा जाकोब आणि मोनो यांनी एक देखणा प्रयोग केला. ग्राहक जीवाणूंत विकराचे जनुक बिघडलेले होते आणि त्यावर ताबा ठेवणारे जनुकही. दात्या जीवाणूंत दोन्ही शाबूत. लॅक्टोज कुठेच नाही. दात्याचा डीएनए आत शिरला आणि काही मिनिटांत विकर बनू लागले. मग साधारण तासा-दीड तासात ते बनणे थांबत गेले. साखरेसारखे प्रेरक रसायन घातल्यावर मात्र चालू राहिले.

पेशीतच चालना देणारे काहीतरी असावे, असा मोनोंचा आधीचा कयास होता. निघाले उलटेच. ताबा ठेवणारे जनुक हळूहळू एक अडसर तयार करत होते. साखर हुकूम देत नाही, ती फक्त हा अडसर दूर करते!

[दृश्य: डीएनएच्या धाग्यावर बसलेले प्रथिन.]

हा अडसर म्हणजे रोधक प्रथिन. विकराच्या जनुकाच्या तोंडाशीच ते डीएनएला घट्ट धरून बसते. लॅक्टोजपासून बनणारे अ‍ॅलोलॅक्टोज त्याला चिकटले की त्याचा आकार बदलतो, पकड सुटते आणि जनुक वाचले जाऊ लागते.

आता एक पेच. लॅक्टोजचे अ‍ॅलोलॅक्टोज करते कोण? तेच विकर, जे अजून बनायचे आहे! म्हणून अडसर थोडा सैल असावाच लागतो. अधूनमधून रोधक सुटतो, विकराचे दोन-चार रेणू बनून जातात, आणि साखरेची चाहूल त्यांनाच लागते. या सगळ्या यंत्रणेत ही जराशी गळती मला सर्वांत विलक्षण वाटते. तिच्याविना जनुक बंद ते बंदच राहिले असते.

ग्लुकोज असेपर्यंत लॅक्टोजला पेशीत नीट प्रवेशच मिळत नाही. शिवाय जनुक जोरात चालायला सीएएमपी हा छोटा रेणू लागतो, तोही तेव्हा कमीच असतो.

मोनो, जाकोब आणि आंद्रे ल्वॉफ यांना १९६५ चे नोबेल मिळाले. रोधक मात्र तोवर कुणाच्या हाती लागला नव्हता. एका पेशीत त्याचे जेमतेम दहा-वीस रेणू. १९६६ मध्ये हार्वर्डला वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल यांनी तो वेगळा काढला. पुढे १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात ई. कोलायकडून मानवी इन्सुलिनच्या साखळ्या बनवून घेतल्या, तेव्हा त्यांची जनुके याच बीटा-गॅलॅक्टोसिडेजच्या जनुकाला जोडली होती.