तेर : तरंगणारी वीट

(न्हाणीतलं घंगाळ, काठोकाठ पाणी. आजींचा हात विटेचा तुकडा सोडतो.)

नीट बघा. भाजलेली वीट आहे, एका कडेला फुटलेली. खाली गेली, जरा थांबली, वर आली. तरंगतेय.

तेरच्या जुन्या विटांच्या मंदिराच्या भिंतीला आम्ही हात लावलेला नाही, हे आधीच सांगतो. हा तुकडा आजींच्या घरचा. सासूच्या काळापासून त्या वजरी म्हणून वापरतात, टाचा घासायला. गाव तेर, जिल्हा धाराशिव.

(तुकडा अगदी जवळून.)

या बारीक लांबट खाचा तुसाच्या. चिखल मळताना त्यात भाताचं तूस घातलं होतं. भट्टीत तूस जळून जातं, त्याची जागा मात्र रिकामी राहते. अख्ख्या विटेत अशा बारीक पोकळ्या. पाणी त्यांत शिरायला वेळ लागतो, तोवर वीट वरच. तूस कमी पडलं तर वीट जड, जास्त झालं तर हातात भुगा. चिखल किती मुरवायचा, आच कुठे थांबवायची, याचं गणित वीट करणाऱ्यांच्या हातात होतं. तेलंगणातल्या रामप्पा मंदिराच्या शिखरालाही अशाच तरंगणाऱ्या विटा आहेत. ते मंदिर १२१३चं, आणि २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. तेरच्या विटा त्याच्याही कित्येक शतकं आधीच्या.

(त्रिविक्रम मंदिर, मागच्या बाजूने.)

हलकी वीट कशाला, ते इथे मान वर केली की कळतं. मागची भिंत अर्धगोल, वरचं छत झाकलेल्या बैलगाडीच्या छपरासारखं. अजिंठ्याच्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनागृहात, डोंगर कोरून जे केलं, ते इथे विटेवर वीट चढवून केलंय. मूळचं हे बौद्ध चैत्य असावं, असं अभ्यासक मानतात. पुढचा मंडप नंतरचा. आत आज पाय उचललेला त्रिविक्रम, म्हणजे विष्णू, उभा आहे, रोजची पूजा चालू आहे. गावातलं उत्तरेश्वर मंदिरही विटांचंच. त्याची कोरीव लाकडी दारचौकट आता संग्रहालयात आहे.

(रस्ता, बैलगाडी, संध्याकाळचं ऊन.)

पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' म्हणतात त्याला. त्यात पैठण आहे, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचं फार मोठं शहर आहे. तिथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जायची. हे तगर कुठलं, यावर पंडितांचे वाद झाले. कोणी देवगिरी म्हणे, कोणी जुन्नर. १९०१ मध्ये इंग्रज अभ्यासक फ्लीट यांनी ते तेर असल्याचं दाखवून दिलं. कोकणातले शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घ्यायचे. राज्य समुद्रकाठी, अभिमान तेरणा नदीकाठच्या तेरचा!

(संग्रहालय. काचेआड हस्तिदंती मूर्ती.)

वीतभरही नाही ही बाई. अंगावर दागिने मात्र भरगच्च. हिच्याशी मिळतीजुळती दुसरी १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेईत सापडली, म्हणजे इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या शहरात. हे संग्रहालय उभं राहिलं ते रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहावर. मणी, नाणी, मातीची खेळणी, दिवे, शिक्के. गावाच्या मातीत जे वर येत होतं, ते या माणसाने गोळा केलं.

(तेरणेचा काठ, गोरोबाकाकांची समाधी.)

आणि मातीचं म्हटलं की गोरोबाकाका आलेच. संतांचा मेळा जमलेला, मुक्ताईने विचारलं, काका, यातलं मडकं कच्चं कुठलं? काकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर वाजवत गेले. नामदेव तेवढे कुरकुरले. कच्चे ठरले! कथा सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. तेरमध्ये मात्र ती अजूनही शेजारच्या आळीत कालपरवा घडल्यासारखी सांगतात.

(ड्रोन. गावाभोवतीच्या टेकड्या.)

या टेकड्या माणसांनी केलेल्या आहेत. घरावर घर पडलं, त्यावर पुन्हा घर उठलं, असं शतकानुशतकं. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती, हे मराठवाड्यात वेगळं सांगावं लागत नाही. धाब्याच्या घराला पांढरीचीच माती लागते, म्हणून गाडी भरून न्यायची पद्धत जुनी. त्यात गावकऱ्यांची चूक काय काढणार? चांगला पाऊस झाला की टेकडीच्या उतारावर मणी उघडे पडतात. आम्हाला दोन दिसले. एक लालबुंद, एक शंखाचा, मोहरीहून थोडा मोठा. जागेवरच ठेवले.

कडा उभ्या कापल्या गेल्यात. कापात राखेचा थर, खापरांचा थर, पुन्हा राख. जेवढं कापून गेलं, ते वाचायला परत मिळणार नाही.

(पुन्हा न्हाणी. घंगाळ.)

"भिजली ना आता? द्या हिकडं," आजी म्हणाल्या. तुकडा पदराला पुसला, खिडकीत उन्हाला ठेवला. "म्युझियमला नगा सांगू बरं. माझ्या टाचा कोण घासंल मग?"