स्टेरॉईडची गोळी कमी करताना

नमस्कार श्रोतेहो.

आमवात, ल्युपस, आतड्यांना सूज आणणारे आजार. नावं वेगळी असली तरी या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा आपल्याच सांध्यांवर, आपल्याच आतड्यांवर उलटते आणि तिथं सूज धरते. ज्यांच्या घरात असा पेशंट आहे त्यांना स्टेरॉईडची गोळी ओळखीची असेल. बहुतेकदा ती प्रेडनिसोलोनची असते. ती कमी कशी करायची, याबद्दल आज बोलतो. माझे पेशंट सगळ्यात जास्त अडचणीत येतात ते या टप्प्यावरच.

या औषधाला आपल्याकडे फार शिव्या बसतात. पण सुरुवातीला ते चमत्कारच वाटलं होतं. 1948 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवातानं जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन, म्हणजे याच कुळातलं स्टेरॉईड, दिलं आणि थोड्याच दिवसांत ती चालू लागली. दोनच वर्षांनी, 1950 मध्ये, हेंच आणि यावर संशोधन करणारे केंडल व राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. पुढं या स्टेरॉईडची दुसरी बाजूही दिसली. चेहरा गोल होतो, साखर आणि बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो. म्हणून काम झालं की ते कमी करायचं, हे अगदी बरोबर आहे. प्रश्न आहे तो वेगाचा.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते. ती रोज कॉर्टिसॉल तयार करते, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड. प्रेडनिसोलोनच्या मापात सांगायचं तर दिवसाला साधारण 5 मिलिग्रॅमच्या आसपास. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त दिवस बाहेरून गोळी मिळत राहिली की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी खाली हुकूम पाठवणं कमी करते आणि मूत्रपिंडावरची ग्रंथी काम सोडून बसते. महिनोन्‌महिने दावणीला बांधलेला बैल एकदम पेरणीला जुंपला तर तो मध्येच खाली बसेल. या ग्रंथीचंही तसंच आहे. तिला पूर्ववत व्हायला काही महिने, कधी वर्षभरसुद्धा लागतं.

आणि नेमकं त्याच काळात गोळी अचानक बंद केली, तर गळून जायला होतं, उभं राहिलं की अंधारी येते, उलट्या, पोटदुखी, बीपी खाली. ताप किंवा जुलाब सोबत असतील तर जिवावर बेततं.

आता हिशेब पाहा. 40 वरून 35 वर आलात, तर आठवा हिस्सा कमी झाला. 10 वरून 5 वर आलात, तर निम्मं औषध गेलं. आणि 5 वरून एकदम शून्य म्हणजे सगळंच गेलं. कमी होतात त्या प्रत्येक वेळी पाचच मिलिग्रॅम, पण शरीराला ते पाच सारखे वाटत नाहीत. म्हणून वरचा डोस भराभर उतरवता येतो, पण 10 च्या खाली आलं की डॉक्टर महिन्याला एखादा मिलिग्रॅम किंवा अर्धीच गोळी कमी करतात. लोक वैतागतात, ‘डॉक्टरसाहेब, एवढ्याशा गोळीसाठी किती महिने?’ ही एवढीशी गोळीच सोडायला सगळ्यात अवघड आहे, हे मी दर ओपीडीत सांगतो.

परभणीजवळच्या एका खेड्यातल्या मावशी येतात. घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांची नात पेन्सिलीनं डोस लिहून ठेवते. पहिल्या पंधरवड्यात सोमवार-गुरुवार साडेसात, बाकीचे दिवस दहा. पुढच्या पंधरवड्यात एक दिवसाआड साडेसात. मग रोज साडेसात. गोळी घेतली की त्या चौकटीवर फुली. तपासायला येताना तो महिन्याचा कागदच फाडून आणतात. कुठल्या आठवड्यात अंग दुखलं, तेही कोपऱ्यात लिहिलेलं असतं. मला एखाद्या महागड्या रिपोर्टपेक्षा हा कागद जास्त उपयोगी पडतो. अर्थात हे वेळापत्रक त्यांचं आहे. तुमचं तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

डोस उतरताना अंग मोडून येतं, थकवा वाटतो, मन उदास होतं. लगेच ‘आजार उलटला’ म्हणून घाबरू नका, आणि मनानं डोस वाढवूही नका. ही तक्रार पुष्कळदा काही दिवसांत ओसरते. सांधा डोळ्यांना दिसेल असा सुजला, सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ वळत नाही, भाकरी थापता येत नाही, असं झालं तर मात्र आजार डोकं वर काढतोय असं समजून दाखवायला या. सीआरपी, ईएसआर या रक्ततपासण्याही त्या वेळी मदत करतात. मेथोट्रेक्सेटसारखं सोबतचं औषध चालू असेल तर ते सोडू नका. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं आणि त्याचा गुण यायला सहा-आठ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. त्याच्याच आधारानं स्टेरॉईड उतरवता येतं.

गोळी सकाळी, काहीतरी खाऊन घ्यावी. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉलही सकाळीच वाढतं. नवरात्रात कितीतरी बाया नऊ दिवस गोळी सोडून देतात, उपवासाला औषध चालत नाही म्हणून. माझ्या माय-बहिणींनो, दूध प्या, केळं खा, भगर खा, पण गोळी घ्या. कुठलीही देवी यावर रागावणार नाही.

आठवडी बाजारात सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या मिळतात. अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं असल्याचं तपासण्यांत पुन्हा पुन्हा आढळलंय. दोन दिवसांत गुडघे मोकळे झाले आणि महिन्या-दोन महिन्यांत चेहरा भरला, तर शंका घ्या. पण अनेक महिने खाल्लेली पुडी हे ऐकून आज रात्रीच फेकून देऊ नका. ती सोबत घेऊन दवाखान्यात या, काही लपवू नका. तीही उतरवतच बंद करावी लागते.

शेवटी ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात, त्या परततात मार्च-एप्रिलमध्ये. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, गोळ्या संपल्या आणि जवळ दवाखाना नाही, तेव्हा अचानक बंद होण्याचा धोका सगळ्यात मोठा. निघण्याआधी डॉक्टरांना भेटा, हंगामाचं वेळापत्रक लिहून घ्या आणि पुरतील एवढ्या गोळ्या बरोबर ठेवा. ‘या व्यक्तीला स्टेरॉईड चालू आहे, अचानक बंद करू नये’ अशी चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळ ठेवा. दात काढायचा असो की ऑपरेशन, ती आधी दाखवा. ताप आला तर गोळी थांबवू नका. अशा वेळी काही दिवस डोस वाढवावा लागतो. तो किती, हे निघतानाच विचारून ठेवा. आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकतच नसेल तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा, दवाखान्यात चिठ्ठी दाखवा. तिथं स्टेरॉईड इंजेक्शननं देता येतं. जोडीदाराला आणि मुकादमाला एवढं आजच सांगून ठेवा.

नमस्कार.