एक कोयता म्हणजे दोघं

[दृश्य: शाळेचं मैदान. परिपाठाला अजून वेळ आहे. फक्कीच्या रेघा, दोन टोकांना दोन दगड.]

खो-खोला खांब लागतात. या शाळेत दोन दगडांवर काम भागतं. रेघेवर आठ मुलं उकिडवी बसली आहेत, एकाचं तोंड अलीकडे तर शेजारच्याचं पलीकडे. नववा धावतोय. दुसरीतला आहे, पायाने चपळ. पुढचा गडी त्याच्या हाताला लागता लागता मधली रेघ ओलांडून पलीकडे निसटतो.

पळणाऱ्याला रेघ ओलांडता येते, पाठलाग करणाऱ्याला येत नाही. त्याला मागेही फिरता येत नाही. पलीकडे तोंड करून बसलेल्याच्या पाठीवर थाप द्यायची, 'खो' म्हणायचं आणि त्याच्या जागी आपण बसायचं, एवढंच त्याच्या हातात असतं. पण याला बसायचं नाही. तो टोकाच्या दगडाला वळसा घालून पलीकडे जातो. गडी पुन्हा अलीकडे येतो. हा पुन्हा दगडाकडे. तिसऱ्या फेरीला बसलेल्यांतला एक रडकुंडीला येतो.

"सर, हे खोच देईना!"

सर कडेला उभे आहेत. शिट्टी त्यांच्या गळ्यात आहे, पण ते ती वाजवत नाहीत. आम्हाला वाटलं, त्यांचं लक्ष नसावं. नंतर कळलं की ते वाट बघत होते. चौथ्या फेरीला पोराचा दम संपतो. ते थांबतं, समोरच्या पाठीवर थाप मारतं आणि धापा टाकत त्याच्या जागी बसतं. उठलेली मुलगी चार ढांगांत गडी बाद करते. बसलेला पोरगा टाळ्या वाजवत ओरडतो, "आपण बाद केला!"

आपण. हा शब्द त्याला कुणी शिकवलेला नाही.

[दृश्य: गावाचा रस्ता, उघडा डोंगर, शाळेच्या दोन खोल्या.]

हे बीड जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या डोंगरातलं एक गाव. गावाचं आणि मुलांचं नाव आम्ही घेणार नाही, मुलं लहान आहेत. जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा, दोन शिक्षक. शिक्षणहक्क कायद्याच्या हिशेबाने प्राथमिक शाळेत साठपर्यंत मुलं असली की दोन शिक्षक मिळतात. म्हणजे चार इयत्ता, दोन खोल्या. पहिली-दुसरी बाईंकडे, तिसरी-चौथी सरांकडे. एका इयत्तेला शिकवायचं तर दुसरीने आपलं आपण काम करायचं. मुलं एकमेकांना धरून शिकली नाहीत, तर ही शाळा दुपारपर्यंतही चालायची नाही.

खो-खो हा खेळ इथे तासाचा नाही, रोजचा आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास त्याला नियमांत बसवलं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत त्याचा पहिला विश्वचषक झाला. पुरुषांचा आणि महिलांचा, दोन्ही करंडक भारताने जिंकले आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. प्रियांकाचं मूळ गाव बीड जिल्ह्यातलं. हे इथल्या पहिलीतल्या पोरालाही तोंडपाठ आहे. पण सर हा खेळ घेतात तो करंडकासाठी नाही. ते म्हणतात, कितीही जोरात पळणारा असला तरी त्याला दुसऱ्यावाचून पुढे जाता येत नाही, असा नियम ज्या खेळाच्या पोटात आहे, तो सहा वर्षांच्या मुलाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

[दृश्य: बाईंची खोली. जमिनीवर गोल बसलेली मुलं, मध्ये काड्यांचा ढीग.]

काड्यांच्या मोळीची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. एकेक काडी मोडते, मोळी मोडत नाही. मुलं ती झकास सांगतात आणि पुढच्याच मिनिटाला एका कात्रीवरून हमरीतुमरीवर येतात. यात मुलांचा दोष नाही. सहा-सात वर्षांचं मूल शेजारी बसून खेळत असतं तेव्हा ते बरोबर खेळत असतंच असं नाही. शेजारी आणि बरोबर यांत बरंच अंतर आहे. ते पार करायला त्याला काम लागतं, गोष्ट पुरत नाही.

बाईंनी त्याच काड्या गणिताला घेतल्या आहेत. चार-चार मुलांचा गट. प्रत्येक गटापुढे मूठभर काड्या आणि रबरं. दहाचे गठ्ठे बांधायचे, उरलेल्या सुट्या मोजायच्या, पाटीवर संख्या लिहायची. एक मोजणार, एक रबर लावणार, एक पुन्हा मोजून बघणार, एक लिहिणार. ऐकायला सोपं. पहिल्या दिवशी प्रत्येक गटात एकेका हुशार मुलाने सगळ्या काड्या पुढ्यात ओढल्या, भराभर गठ्ठे बांधले आणि हात वर केला. बाकीची तिघं खिडकीबाहेर बघत होती. गटात बसवलं म्हणजे गटकाम झालं, अशी समजूत मोडायला तो एक दिवस पुरे होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी एक नियम केला. ज्याला येतं त्याने फक्त बोलायचं, काडीला हात लावायचा नाही. हात लावणार तो, ज्याला अजून जमत नाही.

ही युक्ती आम्हाला फार मोलाची वाटली, म्हणून कॅमेरा तिथे बराच वेळ ठेवला. बघा, ही मुलगी दुसरीतली आहे. तिला शंभरापर्यंत येतं. समोरचा पहिलीतला मुलगा अकरा काड्या एकत्र बांधतोय. तिचा हात पुढे जातो, मध्येच थांबतो. ती दोन्ही हात पाठीमागे बांधून घेते. मग म्हणते, "परत मोज बरं." तो मोजतो. पुन्हा अकरा. "दहाच पाहिजेत ना आपल्याला?" तो एक काडी काढतो, सुट्यांत ठेवतो आणि तिच्याकडे बघतो. इथे दोघं शिकली. त्याला दशक समजलं आणि तिला समोरच्याचा वेळ समोरच्याला देणं समजलं. यातलं दुसरं जास्त अवघड आहे, हे शिकवणारा कुणीही मान्य करील.

"परत मोज बरं", "मला जरा दे ना", "तिचं होऊ दे आधी", "तुला काय वाटतं?" अशी वाक्यं बाईंनी मुलांकडून अक्षरशः घोकून घेतली आहेत, पाढ्यांसारखी. आधी आम्हाला ते कृत्रिम वाटलं. पण ज्या मुलाला हिसकावण्याऐवजी काय म्हणायचं हे ठाऊकच नाही, ते हिसकावणारच. शब्द हातात असला की हात जरा उशिरा उठतो.

भांडणं होतातच. "बाई, यानं मला ढकललं." "बाई, आधी हिनं." बाई निवाडा देत नाहीत. त्या दोघांना दारामागच्या कोपऱ्यात पाठवतात आणि सांगतात, काय झालं ते दोघांनी मिळून मला एकच सांगा, दोन गोष्टी आणायच्या नाहीत. मग कोपऱ्यात कुजबुज सुरू होते. "तू पाय पुढे केलतास." "हां, पण मुद्दाम नाही." पाच मिनिटांनी दोघं एक गोष्ट घेऊन येतात. कधी कधी येतच नाहीत, कारण तोवर ते कोपऱ्यातच खेळायला लागलेले असतात.

एक गोष्ट मात्र बाईंनी बंद केली. सगळ्यात आधी काम करणाऱ्या गटाला चांदणी द्यायची, ही. इथे आमचंही मत स्पष्ट आहे. चांदणी गटाला मिळत असली की गटातलं सगळ्यात सावकाश मूल त्या गटाचं ओझं होतं. 'तुझ्यामुळं गेली आपली चांदणी', हे वाक्य एकदा ऐकलेलं मूल पुढच्या वेळी तोंड उघडत नाही. एवढ्या लहान वयात गटागटांत चढाओढ लावून सहकार्य शिकवता येईल, असं आम्हाला वाटत नाही.

[दृश्य: दुपार. खिचडीचं पातेलं. ताटांची रांग.]

दुपारचं जेवण मुलंच वाढतात. पहिली-दुसरीला चौथीतली मुलं वाढणार, सगळ्यांची पानं वाढून झाल्यावरच 'वदनी कवळ घेता' सुरू होणार.

[दृश्य: ओट्यावर बसलेले एक आजोबा. मागे कुलपं लागलेली घरं.]

आता या गावाबद्दल थोडं. दसरा-दिवाळीच्या आगेमागे इथली निम्मी घरं बंद होतात. माणसं ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फेडेपर्यंत उसाचा फड सोडता येत नाही. काही मुलं आजी-आजोबांजवळ मागे राहतात, हंगामी वसतिगृहात जेवतात आणि शाळेत येतात. काहींना जावंच लागतं, कारण कोपीवर, म्हणजे तोडणीच्या मुक्कामातल्या झोपडीत, धाकट्या भावंडाला सांभाळायला कुणीतरी हवं असतं.

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, दोघं मिळून. तो ऊस तोडतो, ती मोळी बांधते, मग दोघं डोक्यावरून गाडीपर्यंत वाहतात. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. इथल्या मुलांना हा शब्द बोलायला लागल्यापासून माहीत असतो.

आजोबांनी आम्हाला सावडीचं सांगितलं. याच्याकडे एक बैल, त्याच्याकडे एक. दोघांची मिळून जोडी, आज याचं रान, उद्या त्याचं. आणि इर्जिकीचं. एकाची नांगरट अडली की गाव औतं घेऊन यायचं, मजुरी नाही, संध्याकाळचं जेवण. "आता ट्रॅक्टर आलाय," ते म्हणाले आणि पुढे काही बोलले नाहीत.

आम्हाला हे महत्त्वाचं वाटतं. सहकार्य ही या मुलांना बाहेरून आणून द्यायची गोष्ट नाही. ती घरात आहे. फक्त घरात तिच्यामागे उचल आहे, मुकादम आहे, नाइलाज आहे. शाळेत ती नाइलाजाविना करायला मिळते.

[दृश्य: सरांची खोली. फळ्यावर खडूने काढलेला पन्हाळा आणि विशाळगड, मधली वाट तुटक रेघांची.]

सरांनी चौथीच्या इतिहासासाठी जी रीत घेतली आहे तिची सुरुवात फार दूर झाली. १९७१ साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात, गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं पहिल्यांदाच एका वर्गात बसू लागली होती. वर्गात तणाव होता, बाहेर मारामाऱ्या. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन आणि त्यांचे विद्यार्थी वर्गात बसून बघू लागले. त्यांना दिसलं ते असं. बाई प्रश्न विचारतात, हात वर होतात, एकाला संधी मिळते आणि बाकीचे मनात म्हणतात, याचं चुकू दे. त्यांनी धडाच तोडला. एलिनॉर रूझवेल्ट यांच्या चरित्राचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. आता गटाला पूर्ण चरित्र हवं असेल, तर अडखळत बोलणाऱ्या मुलाचंही ऐकून घेणं भाग होतं. त्याला हसून काही मिळणार नव्हतं. नीट प्रश्न विचारले, तर मिळणार होतं.

सरांच्या हातात चार चिठ्ठ्या आहेत. १६६० सालचा पावसाळा. पहिली चिठ्ठी, सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा. दुसरी, शिवा काशीद. तिसरी, घोडखिंड आणि बाजीप्रभू. चौथी, विशाळगड आणि तोफांचे आवाज. चौघांच्या गटात प्रत्येकाला एक. मग वर्गातले सगळे घोडखिंडवाले एका कोपऱ्यात जमतात, वेढावाले दुसऱ्या. आपापला तुकडा वाचतात, एकमेकांना विचारतात, पक्का करतात. त्यानंतर जो तो आपल्या गटात परत. सर म्हणाले की त्यांनी हाच प्रसंग मुद्दाम निवडला. एक जण आपलं काम करून थांबतो, तेव्हा दुसरा पुढे जातो. शिवा काशीद पालखीत बसला नसता आणि बाजीप्रभू खिंडीत उभे राहिले नसते, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

घोडखिंडीची एक चिठ्ठी या मुलीकडे आली आहे.

ती चार दिवसांपूर्वी कर्नाटकातून परतली. पाच महिने कोपीवर होती, धाकटा भाऊ तिच्या कडेवर. भिंतीवरच्या गटांच्या तक्त्यावर तिच्या नावाची पट्टी तशीच होती. सरांनी ती काढली नव्हती. तिचं वाचन मागे पडलंय, हे वर्गाला माहीत आहे आणि तिलाही. चिठ्ठी हातात आल्यावर तिने ती दोनदा सरांकडे परत करून बघितली. सरांनी घेतली नाही.

कोपऱ्यात पाच घोडखिंडवाले बसले आहेत. ती वाचायला लागते, 'बाजी' वर थांबते, 'प्रभू' वर पुन्हा थांबते. शेजारचा मुलगा शब्द सांगायला तोंड उघडतो आणि मिटतो. मग तिच्या चिठ्ठीवर बोट ठेवून जोडाक्षर दाखवतो. ती जुळवते. पाच जण तोच तुकडा तीनदा वाचतात. तिसऱ्या वेळी ती चिठ्ठीकडे कमी आणि खिडकीकडे जास्त बघते आहे. पाठ करते आहे बहुतेक.

[दृश्य: मुलं आपापल्या गटात परत. कॅमेरा चौघांच्या उंचीवर, जमिनीवर.]

तिच्या गटात वेढा सांगून झाला. शिवा काशीदही सांगून झाला, तेव्हा चौघंही थोडी गप्प बसली. आता तिची पाळी. ती काहीच बोलत नाही. विशाळगडाची चिठ्ठी ज्याच्याकडे आहे तो मुलगा अस्वस्थ आहे. तिचं झाल्याशिवाय त्याचा तुकडा सुरू होणार नाही.

सर दुसऱ्या गटाजवळ पाठमोरे उभे आहेत. ऐकत आहेत.

"पाऊस होता," ती म्हणते. पुन्हा थांबते. चिठ्ठी उलटी करून मांडीखाली ठेवते. "लई चिखल. पाय घसरायचे. खिंड अशी बारीक होती, फडातली पायवाट असती तशी. दोन माणसं शेजारी जाईनात."

चिठ्ठीत फड नव्हता.

"मग बाजीप्रभू म्हणले, तुम्ही व्हा पुढं. आम्ही हितं थांबतो."

विशाळगडवाला गुडघ्यांवर पुढे सरकतो.

"मग?"