डाग छोटा म्हणून सोडून देऊ नका

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? बरं.

आधी एक विचारते, नुसता हात वर करा, लाजायचं काम नाही. कुत्र्याचं पिल्लू घरी आल्यापासून अंधारात ओल्या फरशीवर पाय पडलाय असे किती जण आहेत? हं, जवळजवळ सगळेच. मोजे घातलेले असताना? तेच, मोजे असले की जास्त राग येतो.

तर विषय शू-शीच्या ट्रेनिंगचा आहे, आणि तोही छोट्या, मिक्स ब्रीड पिल्लांच्या. छोट्यांबद्दल वेगळं का बोलायचं, तर माझं कित्येक वर्षांचं बघणं असं आहे की मोठ्या जातीचं पिल्लू सहाआठ महिन्यांत तयार होतं आणि छोटं तीन वर्षांचं झालं तरी सोफ्यामागे जाऊन उरकतं, आणि याचं कारण त्याच्या डोक्यात नसतं, आपल्यात असतं. मोठ्या कुत्र्याने घरात शू केली तर तळं होतं, अख्खं घर जागं होतं. छोट्याचं काय, चमचाभर पाणी, टिश्यू टाकला, पायाने पुसलं, झालं. आपण ते चालवून घेतो. पिल्लाच्या दृष्टीने मात्र चमचा आणि बादली सारखीच, इथे केलं, पोट हलकं झालं, बरं वाटलं, म्हणजे ही जागा चालते.

माझी चिंगी आली तेव्हा नऊ आठवड्यांची होती. आई छोटी, काळी-पांढरी, बाप कोण ते देव जाणे, कान एक उभा एक पडका. लोक पहिलं हेच विचारतात की मिक्स आहे तर शिकेल का, ब्रीड कुठलं धरायचं. अहो, मूत्राशयाला ब्रीड नसतं, साइज असते! छोटं शरीर, छोटी पिशवी, लवकर भरते. शिवाय ती आवळून धरणाऱ्या स्नायूंवर ताबा यायलाच साधारण चार ते सहा महिने लागतात. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू मुद्दाम करत नाही, त्याला थांबवताच येत नाही. एक ढोबळ हिशेब सांगतात, वय जितके महिने त्यात एक मिळवा, तितके तास. दोन महिन्यांचं असेल तर तीन तास. पण ही वरची मर्यादा झाली, तीसुद्धा झोपेतली, आणि छोट्यांसाठी त्यातूनही कमी धरा. जागं असेल, खेळत असेल तर मी पाऊण तासाच्या वर जातच नाही.

आता वेळा. झोपेतून उठलं की लगेच, म्हणजे उचलूनच न्यायचं, चालत न्याल तर दारापर्यंत पोचायच्या आत काम होतं. खाल्ल्यावर पाच मिनिटांपासून अर्ध्या तासात, कारण पोटात अन्न गेलं की आतडं पुढे ढकलायला लागतं, हे आपल्यालाही होतं, आपण बोलत नाही इतकंच. धिंगाणा घालून झाला की. पाहुणे आले की. आणि रात्री झोपायच्या आधी. पाणी मात्र तोडू नका, शू कमी व्हावी म्हणून दिवसभर वाटी उचलून ठेवणारे लोक मी पाहिलेत, असं अजिबात करायचं नाही.

एक वही करा. खरंच करा, हसू नका. खाल्लं किती वाजता, शू किती वाजता, शी किती वाजता, कुठे. आठवडाभर लिहिलं की तुमच्या पिल्लाचं टाइमटेबल तुमच्यासमोर येतं. आणि कुत्र्यांच्या शीची वही ठेवणारे आपण पहिले नाही बरं का. काही संशोधकांनी 70 कुत्र्यांवर दोन वर्षं नोंदी ठेवल्या, 1,893 वेळा शी आणि 5,582 वेळा शू, कुत्रं कुठल्या दिशेला तोंड करून बसतं हे बघायला, आणि त्यांचं म्हणणं पडलं की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असेल तेव्हा कुत्री शी करताना उत्तर-दक्षिण बसणं पसंत करतात. 2013 मध्ये छापून आलं, पुढच्या वर्षी इग नोबेल पण मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात तो गमतीचा पुरस्कार. तुम्हाला दिशा लिहायची नाहीये. फक्त वेळ लिहा.

आता चिंगीची गंमत. ती पहिल्या दिवसापासून पायपुसण्यावरच जायची. दारातलं पायपुसणं, बाथरूमबाहेरचं पायपुसणं, फरशीवर एक थेंब नाही. मी वैतागले, मग जिथून आणली त्यांना फोन लावला तर कळलं की पिल्लं गोणपाटावर वाढली होती. हे लक्षात ठेवा. तीन आठवड्यांच्या आत आईच चाटून सगळं करून घेते आणि साफही करते, त्यानंतर पिल्लू झोपायच्या जागेपासून दूर जायला लागतं, आणि आठ-नऊ आठवड्यांच्या सुमाराला पायाखाली काय लागतं त्याची आवड पक्की व्हायला लागते. तळव्यांना खरखरीत लागलं की हिच्या डोक्यात संडास! मग मी काय केलं, घरातली सगळी पायपुसणी उचलली आणि गोणपाटाचा तुकडा बाहेर, जिथे तिने जायला हवं होतं तिथे मातीवर टाकला. पहिल्याच दिवशी गेली. मग दर दोन दिवसांनी तो तुकडा कात्रीने लहान करत आणला, शेवटी तळहाताएवढा राहिला होता आणि ती बिचारी नेमकी त्यावर बसायचा प्रयत्न करायची. मग तोही काढला. म्हणून पिल्लू आणताना जात नंतर विचारा, आधी विचारा ते कशावर वाढलं.

घरात अंथरायच्या, शू शोषून घेणाऱ्या पॅडचं पण हेच आहे, ते वापरावं का असं त्या ताई मघाशी विचारत होत्या. वरच्या मजल्यावर राहता, लसी पूर्ण व्हायच्यात, तोवर अनोळखी कुत्री जिथे जातात तिथे नेता येत नाही, पार्वो या जीवघेण्या संसर्गाची भीती खरी आहे, अशा वेळी पॅड ठीक. पण मऊ, सपाट, घरातलं असं काहीतरी म्हणजे संडास हे तुम्ही शिकवताय हे माहीत असू द्या, नंतर गालिच्यावर गेलं तर त्याला बोलू नका. गॅलरीत ट्रेमध्ये माती किंवा गवत ठेवता आलं तर पुढे बाहेर नेणं फार सोपं जातं.

नजर नाही तेव्हा मोकळं सोडायचं नाही, बास. पट्टा कमरेला बांधा आणि स्वयंपाक करा, फोनवर बोला, ते तुमच्यामागे फिरेल. मग दिसतं की खाली वास घेत गोल फिरायला लागलंय, किंवा खेळता खेळता मध्येच थांबून कोपऱ्याकडे निघालंय. क्रेट, म्हणजे झोपायचा पिंजरा, वापरत असाल तर उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल इतकाच. मिक्स पिल्लू किती मोठं होईल सांगता येत नाही म्हणून लोक मोठा घेऊन ठेवतात, मग ते एका टोकाला झोपतं आणि दुसऱ्या टोकाला उरकतं. मध्ये फळी लावा, वाढेल तशी सरकवा.

बाहेर गेल्यावर गप्प उभं राहा. आपणच बडबड करतो, कर ना बाळा, कर ना, आणि ते आपल्या तोंडाकडे बघत बसतं. एकाच जागी न्या. केलं, पूर्ण केलं, की त्या क्षणी खाऊ, तिथेच. घरात आल्यावर दिला तर त्याला वाटतं घरात आल्याचा दिला. आणि झाल्या झाल्या आत ओढू नका, दोन मिनिटं हुंदडू द्या, नाहीतर ते हुशार होतं, शू केली की मजा संपते हे कळतं आणि धरून ठेवतं, घरात येऊन करतं.

घरात झालं तर? डोळ्यासमोर होत असेल तर उचला आणि बाहेर. नंतर दिसलं तर फडकं घ्या आणि पुसा, एवढंच. नाक घासणं, वर्तमानपत्राची गुंडाळी, हे सगळं बंद. त्यातून ते एकच शिकतं की या माणसासमोर शू करायची नाही, मग पट्टा लावून बाहेर नेलं तरी तुमच्यासमोर करत नाही आणि पलंगाखाली जाऊन करतं. "पण त्याला कळतं हो, बघा कसं तोंड करून बसलंय!" नाही. 2009 मध्ये कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 14 कुत्र्यांवर हे तपासलं, नको म्हटलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला की नाही हे मालकाला कधी खरं सांगितलं कधी खोटं, आणि ते अपराधी तोंड चूक केली की नाही यावर अवलंबून नव्हतं, मालक रागावला की नाही यावर होतं. काहीही न केलेली कुत्रीसुद्धा तसंच तोंड करत होती. आपण लहानपणी नाही का करायचो.

पुसताना आधी टिपा, घासू नका. मग एन्झाइमवालं, म्हणजे लघवीचा वास मुळातून घालवणारं क्लीनर, बाटलीवर लिहिलंय तितका वेळ ओलं राहू द्या. सुवासिक फिनाईलने आपलं समाधान होतं, पण वास ओळखणाऱ्या पेशी आपल्याकडे लाखांत आहेत आणि त्याच्याकडे कोटींत, खालचा वास त्याला येतच राहतो. अमोनियावालं तर नकोच, त्याला ते लघवीसारखंच वाटतं.

दोन गोष्टी मात्र यात धरू नका. तुम्ही दारात आलात की आनंदाने किंवा घाबरून थोडीशी गळते ती ट्रेनिंगची चूक नाही, वाकून वरून हात लावू नका, शांतपणे या, वयाबरोबर बहुतेकांचं जातं. आणि सारखं थोडंथोडं होत असेल, किंवा चांगलं शिकलेलं अचानक बिघडलं, तर वही घेऊन डॉक्टरांकडे, लघवीचं इन्फेक्शन असू शकतं.

चिंगी चार महिन्यांची असताना तीन दिवस सलग दारापाशीच तळं. मला वाटलं सगळं मुसळ केरात. चौथ्या दिवशी बसून नीट बघितलं तर ती दाराशी जाऊन उभी राहत होती, भुंकणं नाही, खरवडणं नाही, नुसती उभी, दाराकडे तोंड करून, मिनिटभर. मी पाठमोरी ओट्याशी. तिने सांगितलं होतं, मला ऐकू आलं नव्हतं. मग दाराला तिच्या नाकाच्या उंचीवर घंटी बांधली, प्रत्येक वेळी बाहेर जाताना तिच्या नाकाने वाजवून घेतली, दीड आठवड्यात स्वतः वाजवायला लागली. पुढच्या आठवड्यात चिमण्या बघायला पण वाजवायला लागली, दिवसातून वीस वेळा. तेव्हा घंटी वाजली की पट्टा लावायचा, ठरलेल्या जागी पाच मिनिटं उभं राहायचं, काही केलं नाही तर सरळ आत, चिमण्या नाहीत. तीन-चार दिवस रुसली. आता वाजवते तेव्हा कामालाच वाजवते, पहाटे साडेचारला वाजवली तरी.