स्टेबल की डेव्हलपमेंट? वेबसाइटसाठी कोणतं व्हर्जन घ्यायचं

नमस्कार! वेबसाइटसाठी एखादं सॉफ्टवेअर डाउनलोड करायला गेलात की बरेचदा दोन बटणं दिसतात. एकावर स्टेबल लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर बीटा (अजून चाचणीत असलेलं), नाईटली (रोज रात्री आपोआप तयार होणारं) किंवा डेव्हलपमेंट. दुसऱ्याचा आकडा मोठा, फीचर्स नवी, त्यामुळे हात तिकडेच वळतो. लोक रोज वापरत असलेल्या साइटसाठी माझं उत्तर ठाम आहे: स्टेबल घ्या. पण का, ते नीट समजून घेऊ, कारण नुसतं स्टेबल घेऊनही साइट बुडू शकते.

स्टेबलमध्ये बग नसतात असं अजिबात नाही. स्टेबल म्हणणारे तुम्हाला दोन गोष्टींचा शब्द देतात. आज जे जसं चालतंय, ते छोट्या अपडेटमध्ये मोडणार नाही. आणि सुरक्षेत भोक सापडलं, तर त्याची दुरुस्ती याच व्हर्जनसाठी मिळेल. डेव्हलपमेंट व्हर्जनमध्ये असा कुठलाच शब्द दिलेला नसतो. आज असलेलं फंक्शन उद्या गायब झालं, तर तक्रारीला जागाच नाही.

आता २०२४ च्या मार्चमधली घटना पाहा. लिनक्सवर फाइली कॉम्प्रेस करणारं एक्सझेड नावाचं टूल आहे. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमध्ये कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा घातला होता, थेट सर्व्हरच्या रिमोट लॉगिनपर्यंत पोचणारा. ही व्हर्जन्स डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारात, त्याच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल म्हणजे अजून घडत असलेल्या शाखांत शिरली होती. डेबियन स्टेबलमध्ये जुनं एक्सझेड होतं, म्हणून ते सर्व्हर वाचले. आणि हे पकडलं कुणी? आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसच्या डेव्हलपरनं. तो स्वतः डेबियन अनस्टेबल वापरत होता आणि लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे खोदत बसला होता. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. अनस्टेबल वापरणारे कुणी नसते, तर तो चोरदरवाजा पुढे स्टेबलमध्येही गेला असता. डेव्हलपमेंट व्हर्जन वापरणारी माणसं हवीतच, फक्त तुमची चालू साइट ही त्याची जागा नाही.

दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. १५ ऑक्टोबर २०१४ ला ड्रुपल या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरनं ७.३२ हे अपडेट काढलं, डेटाबेसमध्ये घुसू देणारं एक भोक बुजवायला. काही तासांतच आपोआप हल्ले सुरू झाले. नंतर ड्रुपलच्या सुरक्षा टीमनं सांगितलं, की ज्यांनी ७ तासांच्या आत अपडेट केलं नाही, त्यांनी आपली साइट फुटली आहे असंच धरून चालावं. त्या सगळ्या साइट स्टेबलवरच होत्या! म्हणून स्टेबल निवडताना त्याचा सपोर्ट कोणत्या तारखेला संपतो, ते आधी बघा. ड्रुपल ७ चा ५ जानेवारी २०२५ ला संपला, पीएचपी या वेबसाइटसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेच्या ७.४ चा नोव्हेंबर २०२२ मध्येच. अशी व्हर्जन्स अजून सुरळीत चालताना दिसतात, पण नवं भोक सापडलं की मूळ टीमकडून दुरुस्ती येत नाही.

आकड्यांवर मात्र डोळे झाकून जाऊ नका. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या २२ ला दीर्घ मुदतीचा सपोर्ट मिळाला, २३ ला नाही. वर्डप्रेसमध्ये ६.४ वरून ६.५ हा मोठा बदल असतो, तर ६.४.१ म्हणजे फक्त दुरुस्ती. एंजिनएक्स या वेब सर्व्हरची तर वेगळीच तऱ्हा: मधला आकडा सम असेल तर स्टेबल, विषम असेल तर मेनलाइन, म्हणजे नवे बदल आधी येतात ती शाखा. पण तिथे सगळ्या दुरुस्त्या मेनलाइनमध्ये येतात, स्टेबलमध्ये फक्त गंभीर. त्यामुळे चालू सर्व्हरवर मेनलाइन वापरलं तरी चालतं. प्रोजेक्टचं रिलीजबद्दलचं पान वाचायला दहा मिनिटं लागतात, ती द्या.

नवं मोठं व्हर्जन आलं की त्याच संध्याकाळी चढवायची गरज नसते. वर्डप्रेस ६.४ आल्यावर दोन दिवसांच्या आत ६.४.१ काढावं लागलं, कारण काही सर्व्हरवर अपडेट डाउनलोड होणंच अडत होतं. सुरक्षेचं छोटं अपडेट मात्र लगेच करा.

आणि जुन्या व्हर्जनवर मागे फिरण्याचा विचार आधी करा. नवं व्हर्जन बरेचदा डेटाबेसची रचना बदलतं. मग फक्त जुन्या फाइली परत टाकून भागत नाही, जुना डेटाबेसही लागतो. बॅकअपनंतर आलेल्या ऑर्डर आणि नोंदी त्यात नसतात. बीटावर हा धोका आणखी वाढतो, कारण एका बीटावरून पुढच्या बीटावर नीट जाता येईल याचीही खात्री नसते.

डेव्हलपमेंट व्हर्जन घ्यावं अशी एक वेळ मला पटते. साइट अजून बांधताय, ती सुरू व्हायला बरेच महिने आहेत, आणि नवं व्हर्जन त्याआधी स्टेबल होणार आहे. तर त्यावरच बांधा, म्हणजे लगेच पुन्हा अपग्रेडची धावपळ नको. पण त्याची तारीख पुढे गेली तर तुमचीही जाईल, हे धरून ठेवा.

चालू साइट असेल, तर रिलीज कँडिडेट, म्हणजे स्टेबलच्या आधीचं शेवटच्या चाचणीचं व्हर्जन, आल्यावर तो स्टेजिंगवर, म्हणजे साइटच्या वेगळ्या कॉपीवर चढवा. त्या कॉपीवरून खऱ्या लोकांना ईमेल जाणार नाहीत एवढं बघा. फॉर्म भरा, लॉगिन करा, पेमेंट टेस्ट मोडमध्ये करून पाहा, प्रत्येक प्लगइन तपासा. काही मोडलं, तर कोणतं व्हर्जन, कोणतं प्लगइन आणि काय केल्यावर मोडलं, हे प्रोजेक्टच्या बग ट्रॅकरवर, म्हणजे चुकांची नोंद ठेवणाऱ्या पानावर, लिहा. रिलीजच्या आधी लिहिलंत, तर ते स्टेबल निघण्यापूर्वीच दुरुस्त होऊ शकतं.