काळ्या रानातलं डोरलं आणि महागडं यंत्र

मंडळी, मधल्या किमतीचं मेटल डिटेक्टर घ्यावं की महागडं, हा आजचा विषय. त्यावर येतोच. पण गुप्तधनाच्या आशेनं कुणी बसलं असेल तर त्याला आधीच हात जोडतो. तेर-पैठणच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेत, सातवाहनांची नाणी निघतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणूनच तिथं यंत्र घेऊन जायचं नाही. संरक्षित जागेत विनापरवाना उकरणं गुन्हा आहे. स्वतःच्या रानात दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तरी 1878 च्या कायद्याप्रमाणं कलेक्टरला कळवावं लागतं. तो ठेवा आपल्या सगळ्यांचा आहे. मी बोलतोय ते हरवलेल्या वस्तूंबद्दल.

औशाकडं आमचं रान आहे. सोयाबीनच्या खुरपणीत धाकट्या बहिणीचं डोरलं पडलं. पोत तुटली, काळे मणी सापडले, सोनं गेलं. ती दोन दिवस जेवली नाही. मी शहरात जाऊन दुकानातलं सगळ्यात भारी यंत्र आणलं. दुकानदार म्हणाला, "हे खोल जातं." खरंच जात होतं. ते पल्स इंडक्शनचं, म्हणजे विजेचे झटके देऊन धातू शोधणारं, ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या पट्ट्यात वापरतात तसलं. पण लोखंड आणि सोनं वेगळं सांगण्यात ही जात कच्ची असते. आणि आमच्या विहिरीजवळच्या पट्टीत काय नाही? बैलाच्या पत्र्या, खिळे, तारेचे तुकडे, कुळवाची मोडकी फास. दिवसभर उकरलं, टोपलंभर लोखंड निघालं. बहीण धुऱ्यावर बसून प्रत्येक खड्ड्याकडं बघत होती. ते बघणं मला अजून विसरता येत नाही.

माझा राग एवढाच आहे की त्या माणसानं एकदाही विचारलं नाही, जमीन कसली आहे आणि शोधायचं काय आहे. खुरपताना पडलेली वस्तू चार बोटांच्या आत असते, तिथं खोली काय करायची?

तिसऱ्या दिवशी मित्रानं त्याचं मधल्या किमतीचं यंत्र दिलं, आणि वापरायचं कसं ते दाखवलं. आपली काळी माती बसाल्टची. त्यात मॅग्नेटाइट, म्हणजे लोहचुंबकाला चिकटणारं लोखंडाचं खनिज, असतं, म्हणून धातू नसतानाही यंत्र बोलतं. त्यानं मोकळ्या जागी कॉइल, म्हणजे यंत्राची खालची चकती, जमिनीपासून फूटभर वर-खाली हलवली आणि आवाज एकसारखा होईपर्यंत बटण फिरवलं. हाच ग्राउंड बॅलन्स, म्हणजे यंत्राला मातीचा आवाज सोडून द्यायला शिकवणं. मग फक्त लोखंडाचा आवाज बंद केला. तासाभरात पिकाच्या दुसऱ्या ओळीच्या मुळाशी दोन वाट्या निघाल्या, मातीनं भरलेल्या. बहिणीनं त्या पदरात धरल्या आणि तिथंच बसून रडली.

(वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तर आता मूळ मुद्दा.)

काळ्या रानासाठी मधल्या किमतीचंच घ्या, पण हातानं ग्राउंड बॅलन्स करता येणारं. ते नसेल तर कितीही स्वस्त मिळालं तरी नको. काळीतून मुरमावर गेलात की बॅलन्स पुन्हा करा. गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी आणि बारीक सोनं यंत्राला जवळजवळ सारखंच वाटतं. चंदेरी नको म्हणून तो आवाज बंद केला तर सोनंही सुटेल, तेव्हा ते उकरायची तयारी ठेवा. बारीक साखळी तर त्याहून अवघड, कारण तिची प्रत्येक कडी यंत्राला सुटी दिसते.

मग महागडं कुणी घ्यावं? जायकवाडीच्या कालव्याखाली ज्यांची जमीन क्षारानं चोपण झाली आहे, त्यांनी. ओल्या क्षारानं एका फ्रिक्वेन्सीचं यंत्र गोंधळतं. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं यंत्र तिथं पैसे वसूल करतं. एरवी उरलेल्या पैशात लहान कॉइल घ्या, पिकाच्या ओळीत ती सहज फिरते, आणि हेडफोन घ्या. वाऱ्यात सोयाबीन सळसळत असताना हलका आवाज नुसत्या कानाला ऐकूच येत नाही.